सोडणार कुठे?

माझ्या मेहुण्यांचं आणि माझ्या मुलीचं एरवी अगदी गूळपीठ. एक मामा, एक भाची, आणि दोघांचाही जीव जनावरांत. मेहुणे महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्यात डॉक्टर होते. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी बंगळुरूला, यशवंतपुरात येऊन राहिले. मुलगी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, भारतीय विज्ञान संस्थेत, माधव गाडगीळांनी १९८३ साली उभ्या केलेल्या परिसरविज्ञान केंद्रात संशोधन करते. रविवारी सकाळी दोघं यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात कांदे-बटाटे घ्यायला जातात. महाराष्ट्राचे नंबर असलेले ट्रक दिसले की मामांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. मोडक्या कन्नडमध्ये ते घाऊक दराची कसून चौकशी करतात आणि घेतात शेवटी दोन किलो. मी पाहुणा म्हणून पिशवी धरून मागून चाललो होतो, त्यामुळे त्या दिवशीचा वाद मला पुरता ऐकायला मिळाला. विषय होता गेंडा.

मामा नुकतेच पाटण्याला जाऊन आले होते आणि तिथलं संजय गांधी जैविक उद्यान पाहून भारावले होते.

"१९७९ साली आसामातून एक जोडी आणली होती गं त्यांनी. आज डझनावर गेंडे आहेत. देशातल्या गेंड्यांच्या प्रजननाची सूत्रं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने पाटण्याकडे दिलीत, ती काय उगाच?"

"छानच आहे की. सोडणार कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे डझनभर गेंडे कुठल्या जंगलात जाणार? प्रजनन कशासाठी, संवर्धनासाठी ना? मग त्यातला एक तरी चिखलात उतरला पाहिजे."

"तू लगेच शेवटावर येतेस. आधी जन्म तर होऊ देत. गेंडीण सोळा महिने गाभण राहते. पिल्लू साठ-सत्तर किलोचं. मग तीनेक वर्षं ती दुसऱ्याचं नाव घेत नाही. इतक्या संथ जनावराचं बेणं राखून ठेवायला नको? शेतकरी सगळं पीक विकून खात नाही, थोडं बाजूला काढतो."

"बेणं पेरायला राखतात, मामा. पेरायला रानच नसेल तर ते कणगीत किडतं."

हे उत्तर मामांना लागलं असावं, कारण पुढे बराच वेळ ते बटाट्यांच्या ढिगाकडे पाहत राहिले. मुलीने तेवढ्यात हिशेब मांडून टाकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात गेंडे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्या रानाला संरक्षण मिळालं, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पहारा बसला, पहारेकऱ्यांनी प्रसंगी जीव दिला. २०२२ च्या मोजणीत तिथे २,६१३ गेंडे भरले. नेपाळमध्ये आदल्या वर्षी ७५२. एकशिंगी गेंडा २००८ मध्येच जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त'मधून एक पायरी खाली आला. "यात प्राणिसंग्रहालयांचा वाटा किती? काहीच नाही. गवत वाचवलं, गेंडा आपोआप वाचला. आधुनिक काळात बंदिवासात या जातीचं पहिलं पिल्लू जन्मलं तेच मुळी १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडला."

"बासेल. रुद्र त्याचं नाव," मामांनी तत्परतेने भर घातली. "बापाचं नाव गदाधर, आईचं जयमती. दोघं काझीरंगाची. आसामच्या इतिहासातली नवरा-बायकोची जोडी आहे ती, आहोमांची. जगभरच्या बंदिवासातल्या गेंड्यांची वंशावळ अजून बासेलच ठेवतं."

"वंशावळ ठेवणं वेगळं, वंश वाचवणं वेगळं."

"पण काझीरंगाचंच घे ना. जगातले दोनतृतीयांश एकशिंगी गेंडे त्या एका जंगलात आहेत. ब्रह्मपुत्रेला पूर आला की बुडतात. २०१७ चा पूर आठव. आणि उद्या काळपुळीची साथ आली तर? मी जनावरांचा डॉक्टर आहे. एकाच गोठ्यात सगळं ठेवणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो."

"म्हणून दुसरा गोठा हवा, हे मलाही मान्य. पण तो दुधवात केला ना १९८४ मध्ये! आसामातून गेंडे आणले, पुढच्या वर्षी नेपाळहून चार माद्या आणल्या, सोळा हत्ती देऊन. मानसमध्येही तेच. नव्वदीच्या अशांततेत तिथले सगळे गेंडे मारले गेले, मग २००८ पासून पोबितोरा आणि काझीरंगातून नवे नेले. दोन्हीकडे गेले ते जंगलातले गेंडे. जंगलातून जंगलात."

"सगळे नाहीत. मानसात अनाथ पिल्लंही गेली. काझीरंगाच्या पुरात आयांपासून तुटलेली, माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्यांच्यातल्या माद्या मानसात व्यालेल्या आहेत. म्हणजे माणसाच्या हातचा गेंडा जंगलात जगत नाही, हे खरं नाही."

"मी तसं म्हटलंच नाही. ती पिल्लं काझीरंगाच्या कडेलाच वाढली, तिथलाच पाऊस, तिथलेच किडे, तिथलंच गवत. आणि त्यांना वाढवायला घेतलं त्या दिवशीच ठाऊक होतं की एक दिवस सोडायची आहेत. पाटण्यातल्या पिल्लाचं असं काही ठरलेलं असतं का?"

इथे मामांचा मुद्दा खरा होता आणि मुलीचाही, असं मला वाटलं. फरक इतकाच की मामा जनावराकडे बघत होते आणि ती त्याच्यामागच्या योजनेकडे.

बाजारातून बाहेर पडून आम्ही रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला लागलो. मामांनी एका प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या पायावरच्या उपचारांना कधीकाळी हात लावला होता. ही हकीकत त्यांच्या खास ठेवणीतली. ती त्यांनी सांगायला घेतली आपली बाजू बळकट करायला, आणि गेली मात्र भलतीकडेच.

"गेंड्याच्या पायाला तीन नखं. मधलं सगळ्यात मोठं. त्या मधल्या नखाचा कठीण तळ जिथे संपतो आणि मागची मऊ गादी सुरू होते, तिथे भेग पडते. का पडते? दलदलीत चालताना भार नखांच्या कडांवर येतो, गादी चिखलात नुसती टेकते. सिमेंटवर त्या कडा घासून झिजतात, मग दोन टनांचं सगळं ओझं गादीवर. गादी फाटते. भेगेत मूत, शेण, घाण, मग पू. आम्ही मोरचुदाच्या पाण्याने धुतलं, सडलेला भाग चाकूने कोरून काढला. गेंडा आडवा पडून उसाची कांडकी खातोय, राखणदार कानामागे खाजवतोय. एवढं मोठं धूड, पण लहान मुलासारखं पाय पुढे करून पडलं होतं. हाताचा वास साबणाने जाईना."

"बरा झाला?"

"सुकला. मग परत फुटला."

"का?"

"जमीन तीच होती ना," मामा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

मुलीने विजयाचा सूर लावला नाही, हे तिचं मला आवडलं. ती एवढंच म्हणाली, "आणि जुळवायची वेळ आली की? जंगलात नर मादीच्या मागे कोसकोस धावतो. खालच्या सुळ्यांनी चावतो, शिंगाने नव्हे. तिला पळायला जागा असते. आवारात ती भिंतीला भिडते."

"म्हणूनच नर-मादी वेगळे ठेवतात, मादी माजावर आली की मगच दार उघडतात. हे सगळं शिकावं लागतं, बाई. आणि वेळ दवडली तर तेही वाईट. बंदिवासातल्या एकशिंगी माद्यांना वय वाढलं की गर्भाशयात गाठी होतात, मग गर्भ धरत नाही. जमिनीचं म्हणशील तर युरोपातल्या लोकांनी या पायांचा अभ्यास केला, मऊ जमीन घातली, डबकी केली. चूक सिमेंटची आहे, प्रजननाची नव्हे."

मला विचाराल तर मामांचं पारडं जड झालं ते यानंतर. आणि त्याला कारण आपला एकशिंगी गेंडा नाही, सुमात्राचा.

सुमात्राचा गेंडा लहान, अंगावर केस, दोन शिंगं. १९८४ पासून दहा-अकरा वर्षांत असे चाळीस गेंडे पकडले गेले आणि अमेरिका, इंग्लंड, मलेशिया, इंडोनेशियातल्या पिंजऱ्यांत वाटले गेले. बहुतेक मेले. मामा ते सांगताना खात्यातल्या जुन्या रोगराईचा अहवाल वाचल्यासारखे थंड स्वरात सांगत होते. "त्यांना काय खायला घालायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गवत घालत होते, आणि हे जनावर पाला खाणारं. सिनसिनाटीत इपुह नावाचा नर मरायला टेकला. मग फायकसचा पाला, म्हणजे आपल्या वड-उंबराच्या भावकीतलाच, कॅलिफोर्नियाहून विमानाने आणला. तेव्हा तो उठला. मग मादी, एमी. नराची गाठ पडल्याखेरीज तिचं बीज सुटतच नाही, हे कळायलाच वर्षं गेली. त्यानंतर पाच वेळा गर्भ गळला. सहाव्या वेळी प्रोजेस्टेरॉन दिलं आणि १३ सप्टेंबर २००१ ला अंदालस जन्मला. त्याच्याआधी या जातीचं पिल्लू बंदिवासात कुठे जन्मलं होतं, सांग."

"कुठे?"

"कलकत्त्याला, अलीपूरच्या बागेत. १८८९ साली. मधली ११२ वर्षं कोरडी."

"आणि अंदालसला परत पाठवला."

"२००७ मध्ये सुमात्राला. तिथे २०१२ मध्ये त्याला मुलगा झाला, अंदातू. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे हे. सोडणार कुठे? घरी."

"घरी म्हणजे वे कंबासच्या जंगलात, शंभर हेक्टरच्या राखीव आवारात. अजून सोडलेला नाहीच. पण मान्य आहे मला, मामा. तिथे २०२२ मध्ये एक पिल्लू झालं, २०२३ मध्ये दोन. आणि जंगलातले मिळून जगात पन्नाससुद्धा उरले नसतील. मलेशियातली शेवटची मादी, इमान, २०१९ मध्ये गेली. अशा जातीबद्दल मी वाद घालणार नाही. तिथे नर-मादीची जंगलात गाठच पडत नाही."

"मग? ती विद्या आली कुठून? पिंजऱ्यातूनच ना? सिनसिनाटीत जिमी नावाचा आपला एकशिंगी नर होता, २००४ मध्ये मेला. त्याचं गोठवलेलं वीर्य वापरून दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, बफेलो नावाच्या गावातल्या प्राणिसंग्रहालयात पिल्लू झालं. मी उरळीकांचनच्या बायफची माणसं गावोगाव मोटरसायकलवर नळ्या घेऊन फिरताना पाहिलीयत, कृत्रिम रेतनाला लोक हसायचे. ही विद्या शिकायला जनावर लागतं. आणि ते जनावर मुबलक असतानाच शिकावं लागतं. दोन उरल्यावर कुणावर शिकणार?"

दोन म्हणजे केनियातल्या नाजिन आणि फातू, मायलेकी. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या जगात उरलेल्या शेवटच्या दोन माद्या. त्यांना २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयातून केनियाला आणलं, उघड्यावर तरी रुजतील म्हणून. सुदान हा शेवटचा नर १९ मार्च २०१८ ला गेला. आता फातूची बीजं काढून, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंडिणीच्या पोटात वाढवायचा खटाटोप चालला आहे. ही रीत गेंड्यात चालते, हे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. मात्र तो प्रयोग दक्षिणेकडच्याच गर्भावरचा होता, आणि ती पालक आई दुसऱ्याच एका संसर्गाने गर्भासकट मेली. मामा यावर हळहळले. मुलगी म्हणाली, "दक्षिणेकडचा पांढरा गेंडासुद्धा एकेकाळी शंभराच्या आत आला होता. तो मात्र राखीव रानात पहारा ठेवून आणि इकडून तिकडे नेऊन हजारांवर गेला. दोघांची तुलना केलीस तर उत्तर तुझ्यासमोर आहे. आणि जावाचा गेंडा बघ. तो आज एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. शेवटचा १९०७ मध्ये ॲडलेडला मेला, आणि लोक त्याला एकशिंगी भारतीय गेंडा समजूनच बघत होते."

"हा तर माझाच मुद्दा झाला! उद्या जावाचा गेंडा वाचवायची पाळी आली तर त्याला काय घालायचं हे कुणाला ठाऊक आहे?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने ते लपवलंही नाही.

मध्येच माझं थोडं. आपल्या मराठी मुलखात गेंडा उरलाय तो दोनच ठिकाणी: प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या, चाकांवर उभ्या असलेल्या कांस्य गेंड्यात, आणि पुढाऱ्यांच्या कातडीला दिलेल्या उपमेत. पण गेंडा दाखवायची माणसाची हौस आपल्या किनाऱ्यानेही पाहिली आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला, मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला नजर करायला पाठवला आणि वाटेत तो इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. ड्यूररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं, तेही गेंडा न बघता. प्राणिसंग्रहालयं आज संवर्धनाची भाषा बोलतात आणि त्यातली काही ती मनापासून बोलतात. पण एका बागेने दुसऱ्या बागेला गेंडा द्यायचा आणि बदल्यात दुसरं जनावर घ्यायचं, हा व्यवहार त्या लिस्बनच्या जहाजाहून फार लांब आलेला नाही. रेव्याच्या 'मोहन' या पांढऱ्या वाघापासून पुढे आपसांत जुळवत गेलेली पिढ्यान्‌पिढ्यांची रांग आणि आशियाई सिंहात आफ्रिकी रक्त मिसळून आपल्याच सफारींमध्ये वाढवलेले संकरित सिंह हे त्याच हौसेचं फळ. पिल्लू झालं की गर्दी होते, आणि गर्दी झाली की कारण शोधलं जातं.

मुलीने गिधाडांचा विषय काढला तेव्हा मामा जरा अस्वस्थ झाले. गिधाडं मेली ती डायक्लोफिनॅकने, आणि ते औषध त्या काळी प्रत्येक जनावरांच्या डॉक्टरच्या पेटीत असायचं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र उभारलं, पण त्याच्या जोडीने औषधाच्या मागे लागून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आणवली. मग पिंजोरची पिल्लं २०२४ मध्ये आपल्या ताडोब्यात आणि पेंचमध्ये सोडली. "काही मेलीही," ती म्हणाली, "तरी रीत बरोबर होती. मारणारं कारण आधी हटवायचं. रानडुकरांतला सगळ्यात छोटा, पिग्मी हॉग, त्याचंही तसंच. १९९६ मध्ये मानसातून मोजून सहा पकडले, गुवाहाटीजवळ वाढवले, २००८ पासून आसामच्या गवताळ रानात सोडताहेत. पहिल्या दिवसापासून सोडायचं ठरलेलं. म्हणून त्यांना माणसांपासून लांब ठेवलं, तिकीट लावून दाखवलं नाही."

"मग पाटण्यालाही तसंच करायला लावा. मी कुठे नाही म्हणतो?"

"पिग्मी हॉग आठ-दहा किलोचा, मामा. गेंड्याला रान लागतं ते मैलोगणती. पोबितोरात चाळीस चौरस किलोमीटरच्या आत शंभरावर गेंडे कोंबलेले आहेत. त्यांनाच पाठवायला नवी जागा मिळत नाहीये. रांगेत ते आधी उभे आहेत, पाटण्यातले नव्हेत."

माझं मत मुलीच्या बाजूने झुकतं ते इथे. एकशिंगी गेंड्यापुरतं बोलायचं तर आज अडचण पिल्लांची नाही, गवताची आहे. प्राणिसंग्रहालयातला गेंडा हे संवर्धन नव्हे, शिक्षण आहे, डॉक्टरांचंही आणि बघ्यांचंही. ते शिक्षण मोलाचं आहे हे मामांनी मला पटवलं. पण मग ते शिक्षणाच्या नावानेच करावं, त्यासाठी लागतील तेवढीच जनावरं ठेवावीत, आणि त्यांच्या पायाखाली चिखल असावा. पिल्लांच्या आकड्यावर बागेची शाबासकी ठरवू नये.

स्टेशनासमोर कॉफी घेताना मुलीने शेवटचा प्रश्न टाकला. तो मला सुचला नव्हता.

"निम्मी पिल्लं नर होणार. एका आवारात वयात आलेला नर एकच राहतो. बाकीच्यांचं काय?"

"वीर्य गोठवून ठेवायचं," मामा म्हणाले.

"ते वीर्याचं झालं. नराचं काय?"

"दुसऱ्या बागेला देतात."

"आणि तिथे तो एकटाच उभा. पन्नाशीच्या घरात जगतो ना गेंडा बंदिवासात?"

"चाळीस तरी धर. राणीच्या बागेतही होता एक, कितीतरी वर्षं एकटा." मामांनी पेला खाली ठेवला. "खात्यात असताना आम्ही होलस्टीनची रेतनं करायचो. गाई दूध द्यायला लागल्या, सगळे खूश. गोऱ्ह्यांचं काय करायचं हे कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. ना नांगराला चालायचे, ना उन्हाला टिकायचे. लोक रात्री बाजाराच्या गावी नेऊन सोडून द्यायचे."

"मग गेंड्याचं आधी लिहा. कुठली मादी, कुठला नर, पिल्लू नर निघालं तर कुठे ठेवणार, कुणाच्या खर्चाने, किती वर्षं."

"लिहिता येईल," मामा म्हणाले. "जगभरच्या बागांत मिळून दोनशेच्या आसपास तर आहेत. वंशावळ तयारच आहे, तिच्यात एक रकाना वाढवायचा." आणि पिशवीतून पावती काढून तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खरोखरच रकाने आखायला घेतले.